घरी भाग बनवताना पहिला प्रश्न: तो तुटला तर काय?

विचारणारे भाऊ यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात राहतात. त्यांनी जुनी सॅन स्टॉर्म घेतली आहे. गोव्यात बनलेली ही दोन सीटची गाडी, बॉडी फायबरग्लासची आणि इंजिन रेनोचं १.२ लिटरचं. तिचे सुटे भाग आता मिळत नाहीत. शिवाय त्यांना गाडी थोडी स्पोर्टी करायची आहे. रेडिएटरचे ब्रॅकेट, हवेचा पाइप, सायलेन्सरची लाइन, बॅटरी मागे नेण्यासाठी ट्रे, बकेट सीटचे माउंट आणि समोरचा बंपर, हे सगळं घरी करायचं आहे. हाताशी २०० अँपिअरची आर्क मशीन, ग्राइंडर आणि ड्रिल मशीन आहे. ते विचारतात, मिग (वायर आपोआप पुढे येणारी वेल्डिंग मशीन) घेऊ की टिग (टंगस्टनच्या टोकाने आर्क काढून भरणीची तार हाताने घालायची मशीन), आणि सुरुवात कशाने करू?

भाऊ, मशीनचं उत्तर देतो, पण ते नंतर. आधी तुमची यादी घ्या आणि एकेका भागापुढे एवढंच लिहा, गाडी ताशी ८० ने चालली असताना हा भाग तुटला तर काय होईल? तो घरी बनवायचा की बाहेर, कोणता धातू घ्यायचा, जोड कोणी मारायचा, हे सगळं या एका उत्तरावर ठरतं. हवेचा पाइप तुटला तर इंजिन अडखळेल, तुम्ही गाडी बाजूला घ्याल. रेडिएटरचा ब्रॅकेट तुटला तर पाणी सांडेल, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात लक्ष नसेल तर इंजिन तापून हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग, जाईल, पण माणूस वाचेल. सीटचा माउंट तुटला तर माणूस जातो. या तीन भागांना एकच पद्धत लावून चालत नाही.

म्हणून काही कामं आधीच बाजूला काढतो. सस्पेन्शनचे आर्म, स्टिअरिंगचा कॉलम आणि त्याचे जोड, ब्रेकचा कोणताही भाग, व्हील स्पेसर, पेट्रोलची टाकी, यांना घरी हात लावायचा नाही. टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते आणि हवेत पेट्रोलची वाफ दीड टक्क्याच्या आसपास असली तरी ती पेट घेते. टाकी धुऊन, उन्हात ठेवून वेल्डिंग करणारे आपल्याकडे भेटतात. त्यांचं ऐकू नका. कीटकनाशकाच्या किंवा थिनरच्या रिकाम्या ड्रमचा पत्रा कापून वापरायचा मोह होतो, तिथेही धोका तोच, वर विषारी धूर.

आता तुमच्या गाडीचं. फायबरग्लासची बॉडी असल्याने तीन गोष्टी बदलतात आणि मारुतीवर काम केलेल्या माणसाच्या त्या लक्षात येत नाहीत. पहिली, बॉडीवर एका बिंदूत वजन टाकता येत नाही. बॅटरी, सीट, रेडिएटर, काहीही असो, त्याचं वजन शेवटी खालच्या स्टीलच्या सांगाड्यावरच उतरलं पाहिजे. नुसता फायबरमधून बोल्ट काढून मागे वॉशर लावला तर काही महिन्यांत भोक लांबुळकं होतं आणि भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा दिसायला लागतात. दुसरी, फायबर वीज वाहून नेत नाही. बॅटरी मागे नेली की अर्थिंगची जाड तांब्याची केबल थेट सांगाड्यापर्यंत आणि तिथून इंजिनपर्यंत न्यावी लागते. दिव्यांना आणि सेन्सरलाही वेगळी अर्थ वायर लागते. स्टार्टर सुस्त चालणं, गेजचा काटा नाचणं अशा तक्रारी अशा गाड्यांत बऱ्याचदा अर्थिंगच्या असतात. तिसरी, साधं पॉलिस्टर रेझिन ७०-८० अंशांनाच मऊ पडायला लागतं. त्यामुळे गाडीवर वेल्डिंग करायचं नाही. ब्रॅकेट गाडीवर बसवून खुणा करा, फार तर चिमटे लावा, आणि काढून टेबलावर जोडा. सांगाड्यावर टाका मारणं टळतच नसेल तर आजूबाजूचं फायबर ओल्या गोणपाटाने झाका, बॅटरी आणि इंजिनच्या कंट्रोल युनिटचं कनेक्टर सोडा, आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प जोडाच्या अगदी शेजारी लावा. क्लॅम्प दूर लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर डाग पाडतो.

कामाची जागा. तुमच्याकडे कोठ्याला लागून टिनाचं शेड आहे असं दिसतं. कापूस घरात साठवलेला असेल, भाव वाढेल म्हणून थांबला असाल, तर तो या शेडजवळ नको. कुटार, तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या काहीच नको. ग्राइंडरची ठिणगी सात-आठ मीटर सहज जाते, कापसात पडली की आत धुमसत राहते आणि माणसं झोपल्यावर पेटते. काम संपल्यावर अर्धा तास तिथंच थांबायचं, आणि पाण्याची टाकी नि वाळूची बादली जवळ ठेवायची.

दुसरी अडचण जमिनीची आहे. आपली काळी कापसाची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. तिच्यावर टाकलेला पातळ कोबा एका पातळीत राहत नाही. पावसाळ्यात घेतलेलं माप मार्चमध्ये जुळलं नाही म्हणून लोक स्वतःच्या हाताला दोष देतात, हललेली असते फरशी. मापं जमिनीवरून घेऊच नका. गाडी चार जॅक स्टँडवर घ्या, स्टँडखाली १० मिलिमीटरची लोखंडी प्लेट ठेवा म्हणजे ते खचणार नाहीत, आणि गवंड्याच्या लेव्हल पाइपने चारही कोपरे एका पातळीत आणा. विटांवर किंवा लाकडाच्या ठोकळ्यांवर ठेवलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. कामाचं टेबल मात्र चांगलं करा. ८ ते १० मिलिमीटरची सपाट प्लेट, खाली अँगलचे पाय, पायांना नट-बोल्टचे लेव्हलर. घरच्या फॅब्रिकेशनमध्ये पहिला खर्च या टेबलावर व्हावा असं माझं मत आहे, महागड्या मशीनवर नव्हे.

वीज. संध्याकाळी गावात व्होल्टेज १७०-१८० वर येतो तेव्हा इन्व्हर्टर मशीन हवा तो करंट देत नाही. वेल्ड वरून दिसतो पण आत धरत नाही, आणि ही गोष्ट डोळ्यांना कळत नाही. मल्टिमीटर लावून, मशीन चालू असताना व्होल्टेज बघा. नुसता रिकाम्या बोर्डाचा बघून उपयोग नाही. केबल ४ चौरस मिलिमीटर तांब्याची घ्या आणि पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळलेली केबल तापते. शक्य असेल तर महत्त्वाचे जोड पहाटे किंवा दुपारी मारा. शेतीपंपाच्या थ्री-फेज जोडणीवर वेल्डिंग मशीन लावू नका. ती जोडणी पंपासाठी मंजूर असते, दुसऱ्या कामाला वापरली तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो.

आता खरं काम, म्हणजे माप आणि टेम्प्लेट. फॅब्रिकेशनचा मोठा वेळ यातच जातो आणि जायला हवा. कृषी केंद्रात बियाण्याचे, औषधाचे खोके येतात, ते मागून आणा. धुळीशिवाय त्यांना काही लागलेलं नाही हे पाहून घ्या. त्या पुठ्ठ्याचा ब्रॅकेट कापा, घडी घाला, चिकटपट्टीने जोडा, गाडीत बसवा. जिथं पाना घालायचा तिथं पाना घालून बघा. बोल्ट बसतो पण घट्ट करता येत नाही, ही गोष्ट पुठ्ठ्यावर कळली तर पाच मिनिटं जातात, लोखंडावर कळली तर दिवस. इंजिन आपल्या रबर माउंटवर हलतं, म्हणून एकाने इंजिन हाताने ढकलायचं आणि दुसऱ्याने बघायचं की ते कुठपर्यंत येतं. पुठ्ठा जमला की १ मिलिमीटर सीआरसी (थंड लाटलेल्या गुळगुळीत लोखंडी) पत्र्यात तोच भाग करा. पुठ्ठा मनासारखा वाकतो, पत्रा वाकत नाही, त्यामुळे लपलेल्या चुका इथं उघड होतात. मग शेवटचा धातू घ्या.

वाकवण्याचा हिशेब शिकून घ्या, तो अवघड नाही. २ मिलिमीटर पत्रा, आतली गोलाई २ मिलिमीटर, काटकोन. एक बाजू बाहेरून ५० आणि दुसरी ४० हवी आहे. सपाट पट्टी ९० ची कापली तर भाग मोठा होईल, कारण वाकताना पत्रा कोपऱ्यावरून आतून जातो. या जाडीला आणि गोलाईला एका वाकासाठी सुमारे ३.६ मिलिमीटर वजा करायचे, म्हणजे पट्टी ८६.४ ची. हा आकडा तुमच्या वाकवण्याच्या साधनावर थोडा बदलतो. म्हणून आधी १०० मिलिमीटरची एक चाचणीपट्टी वाका, दोन्ही बाजू मोजा, बेरजेतून १०० वजा करा. जो फरक येईल तो तुमच्या साधनाचा आकडा. तो टेबलावर पेंटने लिहून ठेवा. भोक वाकाच्या अगदी जवळ घेऊ नका, नाहीतर वाकवताना अंडाकृती होतं. पत्र्याच्या जाडीच्या अडीच पट अधिक गोलाई, एवढं अंतर सोडा. २ मिलिमीटरच्या या उदाहरणात वाकाच्या सुरुवातीपासून भोकाच्या कडेपर्यंत ७ मिलिमीटर होतं.

आणि ब्रॅकेट जाड करून मजबूत होतो हा समज सोडा. ५० मिलिमीटर रुंद, २ मिलिमीटर जाड सपाट पट्टी घ्या. तीच ४ मिलिमीटर केली तर ताठपणा आठपट होतो, वजन दुप्पट. पण २ मिलिमीटरच्याच पट्टीच्या दोन्ही कडा वाकवून १५ मिलिमीटर उंच उभ्या केल्या, तर ताठपणा सुमारे ८० पट होतो आणि वजन दीडपट. हे गणित इंजिनिअरिंगच्या कोणत्याही पुस्तकातल्या सूत्राने करून बघा. ट्रॉली बनवणारे आपले लोक हे न शिकता करतात, ट्रॉलीच्या फाळक्यांना घड्या उगाच नसतात. रेडिएटरच्या ब्रॅकेटला २ मिलिमीटर सीआरसी आणि कडांना वाक पुरे. रेडिएटर मात्र रबरावर बसला पाहिजे, वर आणि खाली. लोखंडाने आवळून बसवलेल्या रेडिएटरच्या टाकीला सांगाड्याच्या पिळामुळे भेग पडते आणि माणूस रेडिएटरच्या कंपनीला शिव्या देत बसतो.

धातू कुठून घ्यायचा? साधा एमएस, म्हणजे माइल्ड स्टील, आणि सीआरसी दारव्हा-यवतमाळला मिळतो. स्टेनलेसचे तयार वाक आणि ॲल्युमिनियम हवं असेल तर नागपूरला इतवारीतल्या लोहाओळीत एक दिवस घालवा, किंवा हिंगणा-बुटीबोरीकडे ओळख काढा. ॲल्युमिनियम घेताना दुकानदार 'एचई ३०' म्हणतो ते ६०८२, 'एचई ९' म्हणतो ते ६०६३; हे आकडे मिश्रधातूच्या जातीचे. हे दोन्ही, आणि ६०६१ सुद्धा, उष्णताप्रक्रियेने कडक केलेले असतात. वेल्ड केला की जोडाभोवती तो कडकपणा उतरतो. ६०६१-टी६ ची (टी६ म्हणजे असा कडक केलेला माल) ताकद त्या पट्ट्यात ढोबळमानाने निम्म्यावर येते. शिवाय टी६ पत्रा छोट्या गोलाईत वाकवला तर तडकतो. वाकवायचा आणि जोडायचा भाग असेल तर ५०५२ मागा. तो वाकतोही चांगला आणि वेल्डनंतर फारसा पडत नाही.

भंगारातला धातू बॅटरी ट्रेला चालेल, वजन पेलणाऱ्या भागाला नाही. यातही दोन गोष्टी विशेष सांगतो. ट्रॉलीच्या कमानीची पट्टी दिसायला दणकट, पण तिच्यात कार्बन जास्त असतो. ती तापवल्याशिवाय जोडली आणि सावकाश गार केली नाही तर वेल्डच्या कडेला काचेसारखी फुटते. गावातला लोहार वखराच्या पासला धार लावताना किती तापवायचं आणि कसं गार करायचं याचा जो विचार करतो, तो इथं लागू आहे, कारण जातीचं लोखंड तेच. दुसरं, जुना जीआय पाइप. त्याच्यावरचा जस्ताचा थर पूर्ण घासून काढल्याशिवाय वेल्ड करू नका. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की त्याच रात्री थंडी वाजून ताप येतो, आणि जोडातही बुडबुडे राहतात.

आता मशीन. तुमची आर्क मशीन टाकून देऊ नका. ३ मिलिमीटरच्या वर ती उत्तम आहे. २ मिलिमीटरलाही २ मिलिमीटरच्या ६०१३ रॉडने, ४५ ते ६० अँपिअरवर, थोडं थोडं जोडत गेलात तर जमतं. मागे तांब्याची पट्टी धरा म्हणजे भोक पडणार नाही. त्याखालच्या पत्र्याला मात्र मिग घ्या, ०.८ मिलिमीटर ईआर ७०एस-६ वायर आणि गॅस. टिग शिकायला वेळ लागतो, आणि ॲल्युमिनियमसाठी एसी टिगच लागते. कारण ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर २००० अंशांच्या वर. एसीमधला उलटा अर्धभाग तो थर फोडतो, साधी डीसी टिग फोडत नाही. तुमच्या यादीत ॲल्युमिनियमचा एकच भाग आहे, हवेचा पाइप. एका पाइपसाठी एसी टिग आणि आर्गॉनचा सिलिंडर घेण्याची गरज नाही. पाइपचे तुकडे घरी कापा, गाडीत चिकटपट्टीने जुळवा, प्रत्येक जोडावर आडवी रेघ ओढून क्रमांक टाका, आणि नागपूरच्या एखाद्या टिगवाल्याकडून एका बैठकीत जोडून आणा. तुकडे दोन बाजूंनी घट्ट बसत असतील तर वेल्डर खूश असतो आणि पैसेही कमी घेतो. तुषार सिंचनाचा काळा पाइप वापरू का असं कोणी सुचवलं तर नको म्हणा, बॉनेटखालच्या उष्णतेत तो नरम पडतो.

उघड्यावर मिग चालवताना उन्हाळ्यातला वारा गॅस उडवून नेतो. वेल्डमध्ये मुंग्यांच्या भोकांसारखी छिद्रं दिसली की कारण बहुतेक तेच. तीन बाजूंनी पत्रे लावा, किंवा बाहेरच काम करायचं असेल तर विनागॅसची फ्लक्स वायर वापरा. पावसाळ्यात रॉड ओल धरतात. ७०१८ रॉड वापरणार असाल तर ते भट्टीत सुकवल्याशिवाय लावू नका. घरी तशी सोय नसेल तर ते विकत घेऊच नका, ६०१३ वर राहा. डिग्रीझर म्हणून मिळणारं ट्रायक्लोरोइथिलिनसारखं क्लोरिनचं द्रव पुसलेल्या भागावर आर्क लावू नका, त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. ॲसिटोनने पुसा आणि पूर्ण उडू द्या.

सायलेन्सरची लाइन घरी करता येण्यासारखी आहे आणि शिकायलाही चांगली. या इंजिनची ताकद ६० अश्वशक्तीच्या आसपास. त्याला पावणेदोन इंच पाइप पुरे. अडीच इंचाची लाइन आवाज देते, ताकद देत नाही. स्टेनलेस ३०४ घेणार असाल तर त्याच्या फुगण्याचा हिशेब ठेवा. एक मीटर पाइप ५०० अंशांनी तापला तर साडेआठ मिलिमीटरहून जास्त लांब होतो. साधं लोखंड त्याच परिस्थितीत ६ मिलिमीटर. लाइन दोन्ही टोकांना पक्की आवळली तर ही लांबी कुठंतरी वेल्डवर निघते. म्हणून मॅनिफोल्डनंतर लगेच लवचिक जाळीचा जोड टाका आणि पुढची लाइन रबराच्या हँगरवर लटकवा. स्टेनलेस टिगने जोडून घेताना पाइपच्या आतूनही आर्गॉन सोडायला सांगा. नाहीतर जोडाच्या आत काळी, साखरेच्या खड्यांसारखी खरबरीत कड तयार होते आणि तिथूनच तडा जातो. ऑक्सिजन सेन्सर असेल तर त्याचा बॉस (पाइपवर जोडायचा चुडीचा नट) एम१८ बाय १.५ चुडीचा, पाइपच्या वरच्या अर्ध्या भागात, आडव्यापेक्षा किमान १० अंश वर. खाली लावला तर साचलेलं पाणी सेन्सरची चिनी माती फोडतं. फायबरच्या जवळून जाणाऱ्या लाइनला उष्णतेचं कवच लावा आणि कवच व पाइप यांत हवा खेळेल एवढी फट ठेवा.

सीटबद्दल मी ठाम आहे. माप तुम्ही घ्या, पुठ्ठ्याचा नमुना तुम्ही करा, ३ मिलिमीटरचे तुकडे तुम्ही कापा. जोड मात्र रोज स्ट्रक्चरचं काम करणाऱ्या वेल्डरकडून घ्या. तालुक्याच्या आयटीआयमधून वेल्डर ट्रेड करून बुटीबोरीला काम केलेला एखादा मुलगा तुमच्या आसपास नक्की असेल. आकडे समजून घ्या म्हणजे कारण कळेल. पट्ट्याच्या अँकरसाठीच्या युरोपच्या नियम क्रमांक १४ मध्ये साध्या कारला खांद्याच्या आणि कमरेच्या पट्ट्याला प्रत्येकी १३,५०० न्यूटन ओढ देऊन चाचणी घेतात. म्हणजे १,३०० किलोहून जास्त वजन टांगल्यासारखं. म्हणून पट्टा नवीन सीटला कधीही बांधू नका, कंपनीने दिलेल्या मूळ अँकरलाच ठेवा. मोटारस्पोर्टच्या आंतरराष्ट्रीय नियमांत सीटच्या आधाराला किमान चार बिंदू, ८ मिलिमीटरचे बोल्ट, ३ मिलिमीटर स्टीलची उलट बाजूने लावायची प्लेट, आणि प्रत्येक बिंदूला ४० चौरस सेंटिमीटर टेकणारा पृष्ठभाग मागतात. तेवढं किमान धरा, आणि तुमच्या फायबरच्या फरशीवर नव्हे, खालच्या स्टीलच्या आडव्या पट्टीवर. बोल्ट १० मिलिमीटर, ८.८ ग्रेडचे, डोक्यावर आकडा कोरलेले. हार्डवेअरच्या दुकानात आकडा नसलेले बोल्ट किलोवर मिळतात, ते गोठ्याच्या दाराला लावा.

रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून आत बसवायचा पाइपचा पिंजरा, कोणी सुचवला तर रस्त्यावरच्या गाडीत नको. हेल्मेटशिवाय डोकं त्या पाइपवर आपटलं तर केजच मारतो.

बंपर फायबरग्लासचा करायचा. हे काम तुमच्या गाडीला साजेसं आहे, कारण बॉडी त्याच मालाची. पण आपल्या हवामानात रेझिनची गती बदलते. एमईकेपी हार्डनर साधारण १ ते २ टक्के घालतात. एप्रिल-मेमध्ये १ टक्क्यावर राहा, सकाळी सातच्या आत काम आटपा, आणि एका वेळी अर्धा किलोपेक्षा जास्त रेझिन कालवू नका, डब्यातच उकळून घट्ट होतं. कोबाल्टचं द्रव (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारं) आणि एमईकेपी हे दोन कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग हार्डनर. डोळ्यांवर चष्मा हवाच, एमईकेपीचा एक थेंब नजर घालवू शकतो. साचा थर्मोकोलचा केला तर पॉलिस्टर रेझिन त्याला खाऊन टाकतं. म्हणून त्यावर तपकिरी पॅकिंग टेप पूर्ण चिकटवा आणि वर मेण लावा, नाहीतर पीयू फोम घ्या. चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या काचधाग्याच्या मॅटचा एक थर सुमारे १ मिलिमीटर जाडी देतो, बंपरला तीन थर आणि कडांना चौथा. जुन्या बॉडीला जोडताना रंग काढून ४० नंबरच्या कागदाने खरबरीत करा, जुन्या-नव्याचा उतार जाडीच्या दहा-बारा पट लांब ठेवा. काचेची धूळ साध्या रुमालाने अडत नाही, त्याला गाळणीचा मास्क लागतो.

आरटीओचा विषय टाळू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तुमची गाडी १५ वर्षांच्या वर आहे, तिची नोंदणी दर ५ वर्षांनी नूतनीकरणाला जाते आणि तेव्हा तपासणी होते. न मिळणारा ब्रॅकेट त्याच कामासाठी त्याच जागी नवीन करणं वेगळं, आणि सीटची रचना, सायलेन्सर, बंपर बदलणं वेगळं. दुसऱ्या गटाचं काम सुरू करण्याआधी यवतमाळच्या कार्यालयात विचारून घ्या, आणि मूळ भाग जपून ठेवा. सायलेन्सरचा आवाज मूळपेक्षा वाढवू नका. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) असेल तर तो कापू नका.

लेथचं काम तालुक्यात होतं. पंपाचे शाफ्ट आणि मळणीयंत्राच्या पुल्या वळवणारा लेथवाला तुम्हाला बुश आणि स्पेसर ०.०५ मिलिमीटरच्या आत देऊ शकतो. चित्र मात्र नीट काढून द्या. कोणतं माप घट्ट हवं आणि कोणतं सैल चालेल हे लिहा, धातू ईएन ८ (मध्यम कार्बनचं स्टील) लिहा. तोंडी सांगितलं की 'जरा ढिलं' म्हणजे किती, ते त्याच्या अंदाजावर जातं.

सुरुवात बॅटरी ट्रेने करा. त्यात माप, वाक, भोकं, जोड, रंग हे सगळं येतं आणि चुकला तर परत करता येतो. दुसरा रेडिएटरचा ब्रॅकेट, मग सायलेन्सर. बंपर थंडीत घ्या. सीट सर्वांत शेवटी.

भाग बसवल्यावर प्रत्येक बोल्टवर आणि शेजारच्या धातूवर मिळून पेंटची एक सरळ रेघ ओढा. १०० किलोमीटरनंतर टॉर्क पाना परत लावा आणि रेघ तुटली का बघा. वजन पेलणाऱ्या भागांना पावडर कोटिंग करू नका, पातळ फिकट रंग द्या, कारण जाड कोटिंगखाली तडा लपतो आणि फिकट रंगावर गंजाची बारीक रेघ लगेच दिसते. संशय आला तर डाय पेनिट्रंटचे तीन कॅन वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मिळतात. भाग स्वच्छ करा, लाल द्रव मारून दहा-वीस मिनिटं थांबा, पुसा, पांढरं डेव्हलपर मारा. तडा असेल तर लाल रेघ वर येते. तडा दिसला तर त्यावरून वेल्ड फिरवून गाडी पुढे नेऊ नका. तो तडा बहुधा वेल्ड जिथं संपतो त्या टोकाला असतो, म्हणजे सगळ्यात जास्त ताण येतो तिथं तुम्ही जोड संपवला आहे. नवीन भाग करा, आणि या वेळी वेल्डचं टोक कडेपासून आत, कमी ताणाच्या जागी घ्या.